क्वेकर टेकडीचा इतिहासकार

एखाद्या लहान गावाचा इतिहास कोणी लिहावा? तेथे जन्मलेल्याने, की बाहेरून येऊन राहिलेल्याने? बदलीच्या गावांत आयुष्य काढणाऱ्या आपल्या वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. वॉरेन विल्सन यांचा ‘क्वेकर हिल’ हा १९०७ सालचा प्रबंध या दृष्टीने वाचनीय आहे. विल्सन स्वतः क्वेकर नव्हते. धर्मोपदेशक म्हणून ते या टेकडीवर राहिले, आणि तेथील शेतकरी वस्तीचा समाजशास्त्रीय अभ्यास त्यांनी कोलंबिया विद्यापीठास सादर केला.

ही टेकडी न्यूयॉर्कच्या पूर्व सीमेवर, १७३१ साली कनेक्टिकटकडून मिळालेल्या ‘ऑब्लाँग’ या चिंचोळ्या पट्ट्यात आहे. ब्रिटिश अमदानीत येथे क्वेकर कुटुंबे शेती करू लागली. त्यांनी १७६४ साली बांधलेले लाकडी प्रार्थनागृह आजही उभे आहे.

ग्रंथाचे खरे बळ ऱ्हासाच्या मीमांसेत आहे. १८२८ साली पंथात फूट पडली. परंतु विल्सन तेवढ्यावर थांबत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खालच्या खोऱ्यात आगगाडी आली आणि टेकडीवरचे दूध न्यूयॉर्क शहरात जाऊ लागले. घरची गरज घरीच भागविणारा शेतकरी आता शहरातील भावाकडे पाहू लागला. पुढे आयरिश मजूर आले, उन्हाळी पाहुणे आले. क्वेकरांचा साधेपणा श्रद्धेइतकाच एका अर्थव्यवस्थेवरही उभा होता, हे सत्य येथे पटते. जन्माने तेथल्या असणाऱ्या लेखकाने बहुधा ऱ्हासाचा दोष नव्या पिढीच्या माथी मारला असता.

परंतु ही तटस्थता एके ठिकाणी उणी पडते. १७६७ साली याच शेतकऱ्यांच्या सभेने वरिष्ठ सभेपुढे प्रश्न ठेवला : माणसाने माणसास गुलाम म्हणून बाळगणे ख्रिस्ती धर्मास धरून आहे काय? अमेरिकन स्वातंत्र्याच्या घोषणेपूर्वी नऊ वर्षे विचारलेला हा प्रश्न इतरांना दोष देणारा नव्हता; स्वतःच्याच बांधवांच्या घरात शिरणारा होता. समाजशास्त्राचे वर्ग आणि प्रकार लावून एकजिनसी समाजाचे वर्णन करता येते. एका सभेत त्या समाजाच्या मनाला पडलेली ही चीर त्यांच्या मापात मावत नाही. शिवाय ही कथा प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूने येते. ज्यांच्याविषयी तो विचारला, त्यांचे जीवन या चौकटीत फारसे शिरत नाही.

आपल्याकडील जुन्या गॅझेटियरांतही हेच गुणदोष आढळतात : जमीन, पीक, जाती, बाजार यांची चोख नोंद, आणि माणसाच्या अंतःकरणाविषयी मौन. तरीही विल्सन यांचे ऋण मान्य केले पाहिजे. बाहेरून येणाऱ्याला गावाची घडण दिसते. गावाची लाज आणि धैर्य समजण्यासाठी मात्र त्याला आपली मोजपट्टी क्षणभर खाली ठेवावी लागते.