एका पडद्यावर चौघे

व्हिडिओ गेममध्ये ‘घरातल्या सगळ्यांसाठी’ हा शिक्का सगळ्यांत सहज मिळतो तो प्लॅटफॉर्म गेमला. धावायचं, उड्या मारायच्या, खड्ड्यात पडायचं नाही. नियम सांगायला मिनिटभरही लागत नाही. रक्तपात नाही, शिवीगाळ नाही. पण शिक्का मिळालेला गेम घरातल्यांना खरोखर एकत्र खेळवतो का, हा प्रश्न चाळीस वर्षांनंतरही सुटलेला नाही. गेम अवघड असणं ही खरी अडचण नाही. आठ वर्षांची मुलगी, तिचा पंधरा वर्षांचा भाऊ आणि रिमोट पहिल्यांदाच हातात घेतलेली आई या तिघांचे हात सारखे चालत नाहीत आणि पडदा मात्र एकच असतो.

या प्रकाराची सगळी मोहिनी उडीत आहे. निन्टेन्डोच्या १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये बटण जास्त वेळ दाबून ठेवलं की मारिओ जास्त उंच उडतो आणि हवेत असतानाही त्याला थोडं मागंपुढं वळवता येतं. त्यामुळे प्रत्येक उडी खेळणाऱ्याची स्वतःची होते. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेली पहिली लेव्हल एक अक्षरही न लिहिता सगळं शिकवते. ठोकळ्यातून निघालेलं मश्रूम उजवीकडे सरकतं, पाइपला आपटतं आणि उलट आपल्याच अंगावर येतं. घाबरून पळायला जावं तरी ते बहुधा गाठतंच, आणि मारिओ मोठा होतो. पुढच्या पिढीतल्या अनेक गेमांनी उडीला आणखी माया लावली. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मान्य करायची, म्हणजे ‘मी तर बटण दाबलं होतं’ ही तक्रारच उरत नाही.

दुसऱ्या खेळाडूची मात्र १९८५च्या त्या गेमनं सोय केली नव्हती. तिथं पाळी होती. मारिओ मेल्याशिवाय दुसऱ्याच्या लुइजीला खेळता येत नसे. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या अनेक घरांत नक्कल केलेल्या मशिनांवर हा खेळ आला. दोन रिमोट असूनही थोरला एकेक लेव्हल पार करत राही आणि धाकटा त्याच्या मरणाची वाट बघत बसे.

२००९मध्ये वी मशिनसाठी आलेल्या ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’नं पाळी मोडून चौघांना एकदम पडद्यावर आणलं. मारिओ, लुइजी आणि दोन टोड एकमेकांना धडकतात, एकमेकांच्या डोक्यावरून उसळी घेतात, उचलून फेकतातही. मदत करायला उचललं की खड्ड्यात टाकायला, हे फेकेपर्यंत कळत नाही. कच्चा खेळाडू अवघड जागी स्वतःला बुडबुड्यात गुंडाळून घेऊ शकतो. इतरांनी तो फोडला की परत खेळात. भांडणं होणारच होती, पण ती गेमचाच भाग होती. भावानं ढकललं म्हणून मेलात तर पुढच्या उडीला त्याचा सूड घेता येतो.

खरा वैताग देतं ते दुसरंच. कोणीही मश्रूम खाल्लं किंवा मार खाल्ला की क्षणभर सगळाच खेळ थांबतो. तेव्हा हवेत असलेल्या इतरांच्या उडीचा ताल जातो आणि चूक कुणाची तर कुणाचीच नाही. पुढे धावणाऱ्याबरोबर कॅमेरा सरकतो आणि मागे राहिलेला पडद्याच्या कडेला चेपला जातो. माणसानं पाडलं तर हसू येतं. यंत्रणेनं पाडलं तर रिमोट खाली ठेवावासा वाटतो. या प्रकारातला कुठलाही गेम मी याच कसोटीवर तपासतो.

त्यावर दोन उपाय निघाले. पहिला, कच्च्या खेळाडूला मदतनीस करण्याचा. ‘सुपर मारिओ ओडिसी’मध्ये (२०१७) दुसरा माणूस मारिओची टोपी होतो. तिला इजा होत नाही, पण प्रवासाची दोरी तिच्या हाती नसते. दुसरा उपाय अंगणातल्या लिंबूटिंबूसारखा. ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’मध्ये (२०२३) योशी किंवा नॅबिट हे पात्र निवडलं तर शत्रूंचा मार लागत नाही. शिवाय खेळाडू एकमेकांना धडकतच नाहीत, आरपार जातात. मेलेला भूत होतो आणि पाच सेकंदांत साथीदाराला शिवला की जिवंत. कागदावर ही सोय उत्तम दिसते. पण या गेमचं सगळ्यांत मोठं आकर्षण म्हणजे फळ खाऊन हत्ती होणं, आणि नेमके योशी-नॅबिट हत्ती होऊ शकत नाहीत. ज्या मुलीसाठी सोय केली, तिलाच हत्ती व्हायचं असतं. कॅमेरा आता ज्या खेळाडूच्या डोक्यावर मुकुट असतो त्याच्यामागे जातो, म्हणजे जुनं दुखणं नव्या नावानं शिल्लक आहे. धडक गेली, तिच्याबरोबर खोडीही गेली. चौघं एकाच वेळी खेळतात, पण एकमेकांशी खेळत नाहीत.

निन्टेन्डोबाहेर उत्तरं जास्त धीट आहेत. युबिसॉफ्टच्या ‘रेमन लेजंड्स’नं (२०१३) जीव मोजणंच बंद केलं. मेलेला बुडबुडा होऊन तरंगतो, साथीदारानं फोडला की परत येतो. चापट्या मारायची मुभाही ठेवली, म्हणून दंगा शाबूत राहिला. हेझलाइटच्या ‘इट टेक्स टू’मध्ये (२०२१) कोडी आणि मे या दोन पात्रांना वेगवेगळी हत्यारं मिळतात. कोडी खिळे मारतो आणि त्या खिळ्यांना हातोडीनं लोंबकळून मे पलीकडे जाते. इथं कुणी मदतनीस नाही, एकावाचून दुसऱ्याचं अडतं. पण दोघांनाही उडी नीट यावी लागते. पहिल्यांदाच खेळणाऱ्या आईला इथं सूट नाही आणि तिसऱ्याला जागाच नाही. २०२४चा सर्वोत्तम गेम म्हणून ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये गौरवलेला ‘अॅस्ट्रो बॉट’ देखणा आणि लाघवी आहे, मुलांना तो दाखवायला कुणीही संकोचणार नाही. पण तो एकट्यानंच खेळायचा आहे. म्हणजे घरातले बाकीचे पुन्हा वाट बघत बसलेले.

उडीच्या कारागिरीत हा प्रकार आज जितका पक्का आहे तितका कधीच नव्हता. पण माणसं जोडण्यात तो २००९च्या फार पुढे गेलेला नाही. दोष काढून टाकताना निर्मात्यांनी घर्षणही काढलं, हे माझ्या मते चुकलं. कॅमेऱ्याचा आणि थांबणाऱ्या खेळाचा जाच जायलाच हवा, भावाचा धक्का मात्र राहायला हवा. आणि लहानग्याला नुसतं संरक्षण देऊन भागणार नाही. पट्टीच्या खेळाडूला जमणार नाही असं एखादं काम त्याच्याकडे असावं, म्हणजे पंधरा वर्षांच्या भावाला आठ वर्षांच्या बहिणीची मनधरणी करावी लागेल. असा गेम कुणी केला तर ‘घरातल्या सगळ्यांसाठी’ हा शिक्का त्यानं खरोखर कमावलेला असेल.