खोक्यात लिहिलेली संगीतिका

नाझी छळछावण्यांतल्या स्त्रियांविषयीची पुस्तके आपण बहुधा करुणेने वाचतो. त्यामुळे वाचकाला हुंदका येतो, पण त्या स्त्रियांचा दिवस कसा जाई हे निसटते. जर्मेन तिलियाँची ‘नरकातला फेरफ्यूगबार’ ही विनोदी संगीतिका मला म्हणूनच महत्त्वाची वाटते.

तिलियाँ मानववंशशास्त्रज्ञ, अल्जीरियातल्या ओरेस डोंगराळ भागात तिने अभ्यास केला होता. फ्रेंच प्रतिकार चळवळीतल्या सहभागामुळे ऑक्टोबर 1943 मध्ये तिला बर्लिनच्या उत्तरेला असलेल्या राव्हेन्सब्रुक या स्त्रियांच्या छावणीत आणले. ‘फेरफ्यूगबार’ म्हणजे हाताशी असलेली, कुठल्याही ठरावीक कामाच्या तुकडीत नाव नसलेली कैदी. कोळसा उतरवणे, वाळू उपसणे अशी पडेल ती कामे तिच्या वाट्याला. तरीही शत्रूच्या युद्धाला हातभार लागू नये म्हणून कित्येकींनी हेच हलाखीचे स्थान पत्करले. 1944 च्या शरदात मैत्रिणी लुटीचा माल उतरवत असताना तिलियाँ एका खोक्यात लपून लिहीत होती. म्हणजे हे लेखन मुळात कामचुकारपणा आहे, आणि तिथे कामचुकारपणा हाच प्रतिकार होता.

संगीतिकेत एक निसर्गशास्त्रज्ञ ‘फेरफ्यूगबार’ या नव्या प्राणिजातीवर व्याख्यान देतो. पहाटेची तासन्‌तास चालणारी हजेरी, पातळ सूप, उवा, मारहाण हे सगळे त्या जातीचे गुणधर्म म्हणून येते, आणि ते प्राणीच मध्ये मध्ये त्याला टोकत राहतात. चाली मात्र लोकप्रिय गाण्यांच्या. भुकेल्या बायका फ्रान्सभरच्या पदार्थांची मनातल्या मनात सफर करतात. माणसांचे वर्गीकरण करणाऱ्या सत्तेची ही टर आहेच, पण लेखिका स्वतःच्या शास्त्रालाही सोडत नाही. (आमच्याकडचे किती अभ्यासक स्वतःच्या परिभाषेला असे हसतील?) तपशील अचूक नसता तर यातला एकही विनोद मैत्रिणींना पटला नसता, त्या रोज तेच भोगत होत्या. म्हणून पुरावा म्हणूनही मी या हसण्यावर विश्वास ठेवतो.

एक उणीव मात्र सांगायला हवी. हे हसू फ्रेंच कैद्यांच्या वर्तुळातले आहे. पोलिश, रशियन, रोमा स्त्रिया त्याच्या कडेलाच राहतात. शिवाय ते 1944 मध्ये थांबते. पुढे 1945 च्या आरंभी छावणीत विषारी वायूची कोठडी सुरू झाली आणि मार्चमध्ये तिलियाँची आई एमिली तिथे मारली गेली. त्यानंतरचे लिहायला तिने गद्य निवडले: राव्हेन्सब्रुकवरचे पुस्तक 1946, 1973 आणि 1988 असे तीनदा. संगीतिका छापून आली 2005 मध्ये. 2007 साली पॅरिसच्या शातले नाट्यगृहात ती रंगमंचावर आली, तेव्हा लेखिका शंभरीला टेकली होती.