टक्का उतरला, पेपर सुधारला का?

जर्नलला पेपर पाठवायच्या आदल्या रात्री आपण काय करतो? आकडे पुन्हा तपासतो? छे! सिमिलॅरिटीचा टक्का बघत बसतो.

माझा पहिला पेपर काँक्रीटवर होता. रिपोर्ट आला 19 टक्के. लाल रंगात काय, तर 150 मिमीचे क्यूब 28 दिवस पाण्यात क्युअर केले. आता चाचणीच प्रमाणित म्हटल्यावर हे वाक्य सगळ्यांचं सारखंच असणार ना! तरी सीनियर म्हणाला, "शब्द फिरव, सुटशील." मी फिरवले. 'कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ'ची 'स्क्वीझिंग पॉवर' झाली. टक्का 8 वर आला. रिव्ह्यूअरने मात्र विचारलं, ही कोणती राशी?

दोष सॉफ्टवेअरचा नाही. ते जुळणारा मजकूर दाखवतं. चोरी आहे का, हे माणसाने ठरवायचं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण संदर्भसूची, प्रमाणित समीकरणं, चिन्हं हे मोजणीतून वगळा, असंही तिथेच लिहिलंय. तो भाग कोण वाचतो?

2021 मध्ये कबानाक, लाब्बे आणि मागाझिनोव यांनी अशा मोडक्या संज्ञांना 'टॉर्चर्ड फ्रेजेस' नाव दिलं. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं त्यांना सापडलं. असे शब्द आता संशयाची खूण ठरतात. म्हणजे चोरी न करताच आपण चोर दिसतो!

तेव्हा पद्धत प्रमाणित असेल तर मानकाचा क्रमांक द्या, संज्ञा तशीच ठेवा. आणि रिपोर्टचा नुसता टक्का नको, ओळ न् ओळ वाचा.