तबकड्यांचा रतीब

न्यू जर्सीत येऊन इतकी वर्षे लोटली, तरी दिवाळीपूर्वीची आवराआवर आमच्या घरी अजून यथासांग होते. इथल्या घराला माळा नाही, म्हणून माळ्याऐवजी कपाटे उपसायची, एवढाच फरक. यंदा त्या उपसाउपशीत ग्रामोफोनच्या तबकड्यांचा एक गठ्ठा बाहेर आला आणि सौभाग्यवतींनी तो जमिनीवर मांडून मोजला. तबकड्या चोवीस. पैकी नऊ तबकड्यांवरचे प्लास्टिकचे वेष्टण अजून जसेच्या तसे!

"अहो, दूध नासतंय," ती म्हणाली. "घरात पिणारं माणूस एक आणि रतीब चार शेरांचा. एक तर प्या, नाही तर बंद करा."

रतीब हा शब्द तिला सहज सुचला असेल. पण मला तो लागला. घरी नियमाने येणारे दूध हाही रतीब, आणि एखादा लेखक कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या पाडू लागला म्हणजे आपण म्हणतो तोही रतीबच. पहिल्यात पोषण आहे, दुसऱ्यात निव्वळ सवय. माझ्या घरी येणाऱ्या तबकड्या कोणत्या रतिबात मोडतात हे ठरवण्याची वेळ आलीच होती, कारण याच महिन्याअखेर माझ्या वर्गणीची मुदत संपते.

ज्या वाचकांना या व्यवहाराची माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी नोकरीतून निवृत्त झालो, तेव्हा चिरंजीवांनी मला अशा एका मंडळाचा वर्गणीदार करून दिले. दुसऱ्या वर्षी मीच ती वर्गणी चालू ठेवली. महिन्याला चाळीस डॉलर भरायचे, की एक तबकडी टपालाने घरपोच. ती कोणती असावी हे मंडळ ठरवते. बहुधा ती एखाद्या गाजलेल्या, किंवा गाजायची राहून गेलेल्या, ध्वनिमुद्रणाची नवी आवृत्ती असते. सोबत माहितीची पुस्तिका, एखादे छापील चित्र. एकदा तर त्या संगीताला साजेशा पेयाची कृतीसुद्धा आली होती! ज्या तबकडीची उत्तरक्रिया सर्वांनी केव्हाच उरकून टाकली होती, तिने इथे पुन्हा बाळसे धरले आहे. २०२० साली अमेरिकेत तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच सीडीच्या पुढे गेले, आणि २०२२ साली नगांच्या संख्येतही तबकडीने सीडीला मागे टाकले.

तेव्हा प्रश्न वरवर पाहता चाळीस डॉलरांचा आहे. पण रसिकाने आपली निवड दुसऱ्याच्या हाती किती काळ सोपवावी, हा त्याच्या पोटातला प्रश्न अधिक अवघड आहे.

वर्गणी भरून तबकड्या घेण्याची कल्पना नवी नाही. १९३१ साली लंडनमध्ये एचएमव्ही कंपनीतल्या वॉल्टर लेग नावाच्या तरुणाने एक युक्ती काढली. ह्यूगो वोल्फ या संगीतकाराची गीते लोक विकत घेतील याची कंपनीला खात्री वाटत नव्हती. लेग म्हणाला, पाचशे माणसांकडून आगाऊ वर्गणी घेऊ. ती जमली तर ध्वनिमुद्रण करू. वर्गणी जमली, आणि एलेना गेरहार्ट या गायिकेच्या आवाजात पहिला संच निघाला. त्याच वाटेने पुढे १९३२ ते १९३५ या काळात आर्टुर श्नाबेल या पियानोवादकाने बीथोवनचे बत्तीसच्या बत्तीस सोनाटा ध्वनिमुद्रित केले. तोवर ते कोणी केले नव्हते. या वर्गणीदारांना माझा नमस्कार! त्यांनी पैसे भरले नसते तर त्या तबकड्या तेव्हा जन्मालाच आल्या नसत्या. आपल्याकडे जुन्या ग्रंथांच्या अखेरीस आश्रयदात्यांची यादी छापलेली असे, त्या जातीची ही मंडळी.

दुसरी जात निराळी. १९५५ साली कोलंबिया कंपनीने अमेरिकेत टपालाने तबकड्या पुरवणारे मंडळ काढले. त्यातली मेख अशी, की या खेपेची तबकडी नको असेल तर वर्गणीदाराने तसे मुदतीत कळवायचे. न कळवले तर तबकडी दारात, आणि पाठोपाठ बिल. म्हणजे 'हो' म्हणायला काहीच करावे लागू नये. श्रम सारे 'नाही' म्हणण्याचे. माणसाच्या आळसासारखे भरवशाचे भांडवल दुसरे नाही! पुस्तकांची नि इतर वस्तूंची मंडळेही हीच रीत वापरीत. अखेर १९७३ साली अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाला नियम करून बजावावे लागले, की नकार कळवायला गिऱ्हाइकाला निदान दहा दिवस तरी द्या.

तिसरी जात १९८८ सालची. सिएटल शहरातल्या सब पॉप या लहानशा कंपनीने आपल्या मंडळाची पहिली तबकडी काढली ती निर्वाणा या तेव्हा फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या चमूची. सुमारे एक हजार प्रती. तीनच वर्षांनी तो चमू जगभर गाजला. आत काय येणार हे माहीत नसताना अशा मंडळाचा वर्गणीदार पैसे भरतो, तेव्हा तो खरे म्हणजे निवडणाऱ्याचा कान भाड्याने घेत असतो.

आजच्या मंडळांत या तिन्ही जातींचा संकर आहे. आश्रयदात्याचा मान पहिलीतून आला, आपोआप मुदत वाढण्याची सोय दुसरीतून, आणि कानावरचा विश्वास तिसरीतून. तेव्हा गुणदोष पाहायचे ते या अंगांनीच.

प्रथम वस्तूचा विचार करू. तबकडी १८० ग्रॅम वजनाची आहे, हे प्रत्येक जाहिरातीत अभिमानाने सांगितलेले असते. वजनदार तबकडी हाताला बरी लागते, हे खरे. पण वजनाने आवाज सुधारत नाही. आवाज ठरतो तो मूळ मुद्रणावर आणि साच्यासाठी खाच कापणाऱ्याच्या हातावर. लाल, निळे, संगमरवरी रंग हा तर नुसता दिवाळीचा साज! २०२२ साली एका नामांकित प्रकाशन कंपनीचे बिंग फुटले. तिच्या ज्या महागड्या तबकड्यांना शौकीन 'शुद्ध जुन्या पद्धतीच्या' म्हणून डोक्यावर घेत होते, त्यांतल्या कित्येकांच्या निर्मितीत संगणकी पायरी होती असे उघड झाले. तोवर त्या शौकिनांच्या कानांनी काही तक्रार केली नव्हती. यावरून कानापेक्षा वेष्टनावरचा मजकूर आपण किती मन लावून ऐकतो ते दिसते.

उशिराबद्दल मात्र मी मंडळाला फार दोष देत नाही. माझ्या चोवीसपैकी तीन तबकड्या दोन-दोन महिने उशिरा आल्या आणि एक आली ती पापडासारखी वाकडी. ती बदलून मिळाली. हे काम मुळात सावकाशीचे आहे. मऊ लेपाच्या चकतीवर खाच कापायची, तिच्यावर चांदीचा पातळ थर द्यायचा, त्यावर निकेल चढवून साचा उचलायचा, आणि मग त्या साच्यात तापलेले व्हिनाइल दाबायचे. त्या मऊ चकत्या बनवणारे कारखाने साऱ्या जगात दोनच होते. त्यांपैकी कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावचा एक फेब्रुवारी २०२० मध्ये आगीत खाक झाला. असल्या हस्तकलेला महिन्याचे वेळापत्रक लावणे म्हणजे आंब्याला तारीख देण्यासारखे आहे.

आता निवडीकडे येतो, कारण मंडळाची खरी परीक्षा तिथेच. पहिल्या वर्षी एका थंड संध्याकाळी ॲलिस कोल्ट्रेन यांची 'जर्नी इन सच्चिदानंद' ही १९७१ सालची तबकडी आली. या बाई डेट्रॉइटच्या, जॅझ संगीतातल्या, आणि वाद्य हार्प. नावावरूनच मी नाक मुरडले. अमेरिकेत 'भारतीय' म्हणून जे काही कानी पडते त्याचा मला जुना धसका आहे. सुई टेकवली, तर सुरुवातीलाच तंबोरा! त्याच्याखाली बासवर एकच लहानशी चाल पुन्हा पुन्हा फिरते आहे, आणि वर हार्पच्या तारा पाण्यासारख्या ओघळताहेत. हे आपले संगीत नव्हते, आणि त्याची नक्कलही नव्हती. पतीच्या निधनानंतर एका शोकाकुल बाईला आपला तंबोरा आधाराला सापडला, आणि तिने तो आपल्या रीतीने जुळवून घेतला, असे मला वाटत राहिले. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती पिठाच्या हाताने बाहेर आली आणि म्हणाली, "हा तंबोरा कोण वाजवतंय?" आम्ही दोघे ती बाजू संपेपर्यंत उभेच होतो. ही तबकडी मी दुकानात जाऊन जन्मात घेतली नसती. वर्गणीचे सार्थक म्हणतात ते हे.

दुसऱ्या वर्षी असे एकदाही झाले नाही. तबकड्या वाईट नव्हत्या. सर्व नावाजलेल्या, पुष्कळशा माझ्या आधीच ऐकण्यातल्या. पहिल्या वर्षी मंडळ मला अनोळखी घरांची दारे उघडून देत होते; दुसऱ्या वर्षी ओळखीच्या दारांना नवा रंग देऊन दाखवू लागले. निवडणाऱ्याला नापसंतीची भीती वाटू लागली, की त्याचा कान बोथट होतो. जी निवड कोणालाच नावडणार नाही, तिच्यासाठी दुसऱ्याचा कान भाड्याने कशाला घ्यायचा?

अर्थात दोष एकट्या मंडळाचा नाही. वेष्टण न फोडलेल्या नऊ तबकड्यांचा जाब मंडळाला कसा विचारणार? माझ्यासारखे लोक पुष्कळ असावेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की अमेरिकेत वर्षभरात तबकडी विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्याच लोकांकडे ती वाजवायचे यंत्र आहे. माझ्याकडे यंत्र आहे, ही मला फुशारकी वाटत होती. ती फार टिकली नाही. एका तबकडीला, दोन्ही बाजू धरून, सुमारे चाळीस मिनिटे लागतात. चोवीस तबकड्यांची झाली ९६० मिनिटे; म्हणजे सोळा तास. निवृत्त माणसाला दोन वर्षांत सोळा तास सापडू नयेत? आणि पैसे मोजावेत तर तेही ९६० डॉलर. मिनिटाला एक डॉलर हा दर मोठमोठ्या गवयांच्या मैफलीतही मी कधी दिला नव्हता!

लहानपणी सांगलीच्या घरी चावीचा फोनो होता. वर्षाकाठी एखाददुसरी प्लेट घरात येई. लाखेची ती जड, ठिसूळ तबकडी. एका बाजूला तीन-सवातीन मिनिटांचे गाणे. अब्दुल करीम खाँसाहेबांची एक प्लेट आम्ही इतकी ऐकली, की ती जिथे खरखरे तिथे खरखरीसकट ती आम्हांला पाठ होती. तेव्हाचे सगळे सोन्याचे होते असे मी म्हणत नाही. ती एकाग्रता दारिद्र्याने लादलेली होती, आणि दुसरी प्लेट घ्यायला पैसे असते तर आम्हीही खुशाल घेतली असती. पण त्या प्लेटीने एक गोष्ट शिकवली. पहिल्यांदा आपण ऐकतो ते कुतूहलाने, दुसऱ्यांदा पैसे वसूल करायला. तिसऱ्यांदा जे आपण होऊन लावतो तेच आपले. या कसोटीला माझ्या चोवीसांतल्या चार तबकड्या उतरल्या. म्हणजे एक पडली २४० डॉलरांना. ॲलिसबाईंच्या तबकडीला मी ही किंमत आनंदाने देईन. बाकीच्या तिघींबद्दल हात आखडतो.

कोणी म्हणेल, आता सारे जगाचे संगीत खिशातल्या फोनमध्ये आहे; तबकडीचे हे लोढणे हवेच कशाला? मला हा युक्तिवाद पटत नाही. सारेच समोर असते तेव्हा माणूस ओळखीचेच उघडतो. न मागितलेले दाराशी आणून ठेवणारा कोणीतरी लागतो, आणि उठून बाजू बदलावी लागली म्हणजे कानही जागा राहतो. म्हणून ज्यांचे वय अजून दारे शोधण्याचे आहे, ज्यांच्या घरी दोघे-चौघे मिळून ऐकणारे आहेत, त्यांनी असे मंडळ वर्षभर जरूर धरावे. वर्षाअखेर तिसऱ्या वेळी लावलेल्या तबकड्या मोजाव्यात. निम्म्या भरल्या तर पुढे चालवावे. हा काही व्रताचा वसा नव्हे, की टाकला म्हणजे पाप लागेल. चांगली शिकवणी मुलगा आपला आपण वाचू लागला की थांबते; वर्गणीचेही तसेच आहे.

माझ्यापुरता निकाल मी दिला आहे. कानाच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी सांगितले, की वरचे सूर हळूहळू माझ्यापासून दूर जाणार. तेव्हा नवी तबकडी येण्यापेक्षा आलेली ऐकणे निकडीचे. मंडळाला 'मुदत वाढवू नये' असे कळवून टाकले. त्या चार ओळी लिहायला मला तीन दिवस लागले, हेही कबूल करतो. 'नाही' म्हणण्याचे श्रम १९७३ च्या नियमानेही फारसे हलके झालेले नाहीत!

वसुबारसेच्या संध्याकाळी सौभाग्यवतीने नवांतली एक तबकडी डोळे मिटून उचलली आणि नखाने वेष्टण फोडले. कोणती ते सांगत नाही, कारण ती आमची अजून एकदाच ऐकून झाली आहे.

आणि वाचकहो, दिवाळी अंक हाही एक वार्षिक रतीबच! तिसऱ्यांदा कोणते पान उघडले, ही कसोटी आपण या अंकालाही लावालच. या लेखाला ती लावताना मात्र थोडा सणाचा उदारपणा दाखवावा, इतकीच विनंती.