पेपर वाचताना विचारा: घड्याळ कधी सुरू झालं?

‘क्रिटिकल रीडिंग’ शिकायचं म्हटलं की आपण परदेशी पेपर उघडतो. आज आपल्या महाडचा एक वाचूया. डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा विंचूदंशावरचा हा पेपर २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला.

आधी थोडी पार्श्वभूमी. लाल विंचवाच्या विषामुळे शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरतं. लहान मुलाला धोका जास्त, कारण विष तेवढंच आणि वजन कमी. डॉ. बावस्कर १९७०च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तिथून हे काम सुरू झालं. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी इथे उपयोगी पडते, हे त्यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

२०११च्या पेपरचा प्रश्न पुढचा आहे: प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलं तर फायदा वाढतो का? सहा महिन्यांपेक्षा मोठे ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागले, प्रत्येकी ३५. दहा तासांत लक्षणं गेली असे रुग्ण: दोन्ही औषधं मिळालेल्या गटात ३२, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८. म्हणजे ९१.४ टक्के विरुद्ध २२.९ टक्के. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ सुमारे ८ तास विरुद्ध १७.७ तास.

आकडे बघून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. वाजवा, पण मग तीन प्रश्न विचारा.

पहिला, कोणाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत होतं का? होतं. अभ्यास ‘ओपन लेबल’ होता. ‘हातपाय गरम झाले’ हे ठरवण्यात नजरेचा थोडा कल येऊ शकतो. पण एवढा मोठा फरक नुसत्या कलाने पडेल, असं मला वाटत नाही.

दुसरा, मोजलं काय? बरं होण्याचा वेग. प्रकृती आणखी बिघडलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत साधारण सारखंच होतं. म्हणून ‘प्रतिविषाने जीव वाचतात’ असं वाक्य या पेपरवरून लिहू नका. ३५-३५ रुग्णांत मृत्यूचा प्रश्न सुटत नाही, आणि फक्त मुलांचा निष्कर्ष वेगळा काढायला तर आकडा आणखीच अपुरा पडतो.

तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: घड्याळ कधी सुरू झालं? अभ्यासात ते रुग्णालयात उपचारापासून सुरू होतं. महाड तालुक्यातल्याच तुडीलमधल्या मुलासाठी ते दंशापासून सुरू होतं. रात्री गाडी मिळेपर्यंतचा वेळ पेपरच्या तक्त्यात नाही. शिवाय अभ्यासात घेतलेले रुग्ण ‘ग्रेड दोन’चे, म्हणजे विष अंगात भिनलेलं, पण फुप्फुसात पाणी भरायच्या आधीचे. उशिरा पोचलेलं मूल कदाचित त्या टप्प्याच्या पुढे गेलेलं असेल. त्याच्याबद्दल हा पेपर काही सांगत नाही.

हा पेपरचा दोष नव्हे. त्याने एक नेमका प्रश्न विचारला आणि नीट उत्तर दिलं, तेही तालुक्याच्या गावी बसून. चूक होते ती आपण त्या उत्तराला ‘गावातल्या बालआरोग्यसेवेचं उत्तर’ समजतो तेव्हा. प्राथमिक सेवेची गुणवत्ता बघायची तर मोजायला हवं ते असं: दंशापासून पहिल्या गोळीपर्यंत किती मिनिटं गेली? जवळच्या केंद्रात गोळी होती का? ती देणारं माणूस रात्री हजर होतं का? मुलाचं वजन करून डोस ठरवला का, आणि गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरतोय का हे कुणी बघितलं का?

आता तुमचं काम. सिनॉप्सिससाठी निवडलेला एक पेपर काढा आणि समासात दोनच गोष्टी लिहा: यात घड्याळ कधी सुरू झालं, आणि त्याआधीच कोण गळून गेलं? तुमचा रिसर्च गॅप बहुतेक वेळा तिथेच सापडेल.