मत फुटतं म्हणजे काय फुटतं?

आज सुरगाण्यात आम्ही कोणत्याही पक्षाविषयी बोलणार नाही, एका क्रियापदाविषयी बोलणार आहोत. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी टपरीवर ते हमखास ऐकू येतं. 'अमका पाडा फुटला', 'तमक्या गावातली मतं फुटली'.

फुटतं काय? मडकं फुटतं, बांध फुटतो, हल्ली पेपर फुटतो. म्हणजे फुटण्याआधी ते कुणीतरी भरून, बंद करून, आपल्या ताब्यात ठेवलेलं असावं लागतं. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही एक जुना प्रश्न विचारत असू : 'तुम्ही दारू पिणं सोडलं का?' हो म्हणा की नाही म्हणा, अडकलातच. 'मत फुटलं' हे तशाच जातीचं विधान आहे. मत आधी पक्षाचं होतं, हे त्यात गुपचूप कबूल करून घेतलेलं असतं. 'हक्काचा मतदार' हा त्याचाच सख्खा भाऊ. हक्क कोणाचा? राज्यघटनेच्या 326 व्या कलमाने तो मतदाराला दिला. बोलताना आपण तो उमेदवाराच्या सातबाऱ्यावर चढवतो.

हे शब्द मुळात पुढाऱ्यांसाठी घडले. 1967 साली हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात अनेकदा पक्ष बदलला, त्यातून 'आयाराम-गयाराम' आलं. 1985 साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला, तोही निवडून आलेल्यांसाठीच. पक्षाच्या तिकिटावर निवडून येऊन पलीकडे जाणाऱ्याला गद्दार म्हणायचं तर म्हणा, त्याने काहीतरी वचन दिलेलं असतं. मतदाराने कोणाला वचन दिलं? त्याने तिकीट घेतलेलं नाही, शपथ घेतलेली नाही. तरी खाल्ल्या मिठाला जागायची अपेक्षा त्याच्याकडूनच जास्त. मीठ कोणी कोणाचं खाल्लं, हा हिशोब तर अजून व्हायचाच आहे.

आता 'तळ्यात-मळ्यात' घ्या. डळमळीत माणसासाठी हा शब्द वापरतात. पण खेळ आठवा. त्यात उडी मारतो तो बाद होत नाही, हुकूम चुकतो तो बाद होतो. हुकूम देणारा बाजूला उभा असतो.

या भागात 2024 साली काय झालं ते सर्वांना माहीत आहे. लाल बावट्याच्या जे. पी. गावितांनी मे महिन्यात दिंडोरी लोकसभेची उमेदवारी मागे घेतली आणि त्यांच्या पक्षाने आघाडीला पाठिंबा दिला. विळा-हातोड्याच्या मतदाराला 'तुतारी वाजवणाऱ्या माणसा'कडे जायला सांगितलं गेलं. या उडीला कोणी फूट म्हटलं नाही; तिला आघाडीधर्म असं भारदस्त नाव मिळालं. भास्कर भगरे निवडून आले. त्याच निवडणुकीत भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला, नुसत्या 'तुतारी' चिन्हावर, एक लाखाहून जास्त मतं पडली. त्यांतली किती मतं चिन्हाच्या गोंधळाची, हे कोण सांगणार? पुढे नोव्हेंबरमध्ये दिंडोरीतल्या सहाही विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या. कळवण-सुरगाण्यात गावित हरले, नितीन पवार जिंकले. मग मात्र मतदार 'पलटला'! पक्षाने सांगून मारलेली उडी ती निष्ठा, स्वतःच्या मनाने मारली की फितुरी.

अर्थात, बेरजेवरून माणूस ओळखता येत नाही. 2014 साली मे महिन्यात दिंडोरीतून भाजपचा खासदार झाला आणि ऑक्टोबरमध्ये त्यातल्याच कळवणमधून गावित गेले, विधानसभेतले मार्क्सवादी पक्षाचे एकमेव आमदार म्हणून. यावरून एकाच बाईने दोनदा वेगळं बटण दाबलं असं सिद्ध होत नाही. कोणी घरी बसलं असेल, कोणी नव्याने आलं असेल. विश्लेषक मंडळी हा फरक फार सहज गिळतात.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. मतदान यंत्रांमुळे मोजणी केंद्रनिहाय होते आणि 'फॉर्म 20' मध्ये प्रत्येक केंद्राचे आकडे जाहीर होतात. नाशिक शहरात त्याने फारसं बिघडत नाही. पण जिथे एक केंद्र म्हणजे दोन-तीन पाडे, तिथे गुप्त मतदान अर्धं उघडं पडतं. एकट्या माणसाचं मत कळत नाही, पाड्याचं कळतं. मग रस्ता, हातपंप, वनहक्काचा दावा घेऊन गेलेल्या माणसाला 'तुमचा पाडा तर फुटला होता' असं ऐकवता येतं. 2022 च्या डिसेंबरात याच तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी रस्ते-पाण्यावाचून वैतागून गुजरातेत जायची भाषा केली होती. राज्य बदलायला निघालेल्या माणसांनी चिन्ह बदललं तर त्यात नवल कसलं?

कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद नियमांत होती. यंत्रांसाठी तेच काम करणारं 'टोटलायझर' नावाचं उपकरण निवडणूक आयोगाने 2008 साली सुचवलं. चौदा यंत्रांची बेरीज ते एकदम देतं, एकेका केंद्राचा आकडा झाकलेला राहतो. विधी आयोगाने 2015 च्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ते मान्य केलं नाही. प्रचारात कोणत्या केंद्रावर जोर लावायचा, हे कळायला केंद्रनिहाय आकडे लागतात, असा त्यावर युक्तिवाद होतो. उमेदवाराला ते लागत असतील. पाड्याला काय लागतं, ते विचारायला अजून कोणी आलेलं नाही.