यकृत प्रत्यारोपणानंतरच्या दीर्घकालीन जगण्याचे पूर्वानुमान : गुणांकपद्धतींची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : यकृत प्रत्यारोपण, पूर्वानुमान, मेल्ड गुणांक, प्रत्यारोपण-लाभ गुणांक, अवयववाटप.

प्रस्तावना :

मानवावरील पहिले यकृत प्रत्यारोपण डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे केले. तो रुग्ण वाचला नाही. प्रत्यारोपणानंतर वर्षाहून अधिक काळ रुग्ण जगल्याचे उदाहरण १९६७ मधील शस्त्रक्रियेने घालून दिले. सायक्लोस्पोरिन या औषधामुळे १९८० च्या दशकात परिस्थिती पालटली आणि १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेने या शस्त्रक्रियेला उपचार म्हणून मान्यता दिली. आता बहुसंख्य रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. साहजिकच 'रुग्ण वाचेल काय?' या प्रश्नाची जागा 'तो किती वर्षे जगेल?' या प्रश्नाने घेतली. अवयव थोडे आणि गरजू अधिक असल्याने 'यकृत कोणाला द्यावे?' हा प्रश्नही त्याला जोडला गेला. या प्रश्नांची उत्तरे देऊ पाहणाऱ्या प्रमुख गुणांकपद्धतींची मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मेल्ड गुणांक : सामर्थ्य आणि मर्यादा

पूर्वी वापरात असलेल्या चाइल्ड-प्यू वर्गीकरणात पोटातील पाणी आणि मेंदूवरील परिणाम यांचे मोजमाप डॉक्टरांच्या अंदाजावर अवलंबून होते. मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी २००० साली मांडलेल्या मेल्ड गुणांकाने हा दोष बऱ्याच अंशी दूर केला. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा निर्देशांक या तीन तपासण्यांवरून तीन महिन्यांतील मृत्यूचा धोका त्यात काढला जातो. फेब्रुवारी २००२ पासून अमेरिकेत अवयववाटपासाठी त्याचा स्वीकार झाला.

तथापि, मेल्ड मोजतो ती रुग्णाची निकड. त्याचे भवितव्य नव्हे. प्रत्यारोपणात रोगग्रस्त यकृतच काढून टाकले जाते आणि त्याबरोबर बिलिरुबिन व रक्त गोठण्यातील बिघाडाचे मूळ कारणही जाते. मागे उरतात ते रुग्णाचे वय, हृदय, मूत्रपिंड आणि दात्याच्या यकृताची प्रत. म्हणूनच प्रत्यारोपणानंतरच्या जगण्याविषयी मेल्ड फारसे सांगू शकत नाही. शिवाय स्त्रियांच्या शरीरात स्नायूंचे प्रमाण कमी असल्याने त्यांचे क्रिएटिनिन कमी दिसते आणि त्यांची निकड कमी लेखली जाते. हा अन्याय दूर करण्यासाठी अमेरिकेत २०२३ मध्ये सुधारित मेल्ड ३.० लागू करावा लागला. गणिती सूत्र वस्तुनिष्ठ असले तरी ते निःपक्षपाती असतेच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

दीर्घकाळाचे गणित अवघड का?

दात्याच्या यकृताचा धोका मोजणारा निर्देशांक २००६ मध्ये, 'सॉफ्ट' गुणांक २००८ मध्ये आणि 'बार' गुणांक २०११ मध्ये पुढे आला. यांपैकी 'सॉफ्ट' व 'बार' यांचा रोख प्रामुख्याने पहिल्या तीन महिन्यांवर आहे. पहिल्या वर्षातील मृत्यू बहुधा शस्त्रक्रियेतील गुंतागुंत आणि जंतुसंसर्ग यांच्याशी निगडित असतात. त्यानंतरचे मृत्यू कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणे आणि मूळ आजार उलटणे अशा कारणांनी होतात. ही कारणे पुढील आयुष्यात घडत जातात. शस्त्रक्रियेच्या दिवशीच्या तपासण्यांत त्यांचा मागमूस पुरेसा नसतो.

दुसरी अडचण काळाची आहे. दहा वर्षांच्या जगण्याचा अभ्यास करावयाचा तर किमान दहा वर्षांपूर्वीचे रुग्ण घ्यावे लागतात. दरम्यान उपचारच बदलतात. हिपॅटायटिस सी नव्या यकृतातही उलटत असे; परंतु २०१३ च्या अखेरीस सोफोस्बुव्हिरला अमेरिकेत मान्यता मिळाल्यानंतर या विषाणूचे उच्चाटन शक्य झाले. त्यापूर्वीच्या माहितीवर बेतलेली प्रारूपे अशा रुग्णांना कारण नसताना अधिक धोक्याचे ठरवितात.

ब्रिटनमधील प्रयोग :

ब्रिटनने २०१८ मध्ये प्रत्यारोपण-लाभ गुणांकाची पद्धत लागू केली. प्रत्यारोपणाविना अपेक्षित आयुष्य आणि प्रत्यारोपणासह अपेक्षित आयुष्य यांतील फरक म्हणजे लाभ, ही त्यामागील कल्पना तर्कशुद्ध वाटते. मात्र हा फरक पाच वर्षांच्या मर्यादेतच मोजला गेला. समजा, एका पंचवीस वर्षांच्या रुग्णाचे पाच वर्षांतील अपेक्षित आयुष्य प्रत्यारोपणाविना ३ वर्षे व प्रत्यारोपणासह ४.६ वर्षे आहे. साठ वर्षांच्या रुग्णाचे तेच आकडे २ आणि ४.३ आहेत. लाभ अनुक्रमे १.६ आणि २.३ वर्षे ठरून यकृत साठ वर्षांच्या रुग्णास मिळेल. तरुणाला पुढे लाभू शकणारी तीस-चाळीस वर्षे या हिशेबात कोठेच येत नाहीत. प्रत्यारोपणानंतर बहुतेक सर्वच पाच वर्षे जगत असल्याने लाभाचा हिशेब वस्तुतः निकडीचाच हिशेब होतो. तरुण रुग्ण मागे पडत असल्याची टीका २०२३ मध्ये तेथील वृत्तपत्रांत आणि वैद्यकीय नियतकालिकांत झाली.

येथे दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. मुदत वाढवून वीस वर्षे केली, तर पूर्वानुमानातील अनिश्चितता वाढेल आणि वृद्धांना दार बंद होईल. म्हणजेच मुदतीची निवड संख्याशास्त्रीय नसून नैतिक आहे. ती सूत्रात दडली की तिच्यावर चर्चा होत नाही, हाच या पद्धतीवरील मुख्य आक्षेप होय.

भारतीय संदर्भ :

भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला. तरीही येथील बहुसंख्य यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्यांकडून, प्रामुख्याने नातेवाइकांकडून होतात. तेथे रांगेत पुढे कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. पत्नीने, मुलाने किंवा भावाने आपले यकृत अंशतः देण्याची जोखीम पत्करावी काय, हा खरा प्रश्न असतो. मृत दात्यांच्या पाश्चात्त्य नोंदींवर उभारलेला दाता-धोका निर्देशांक या कुटुंबाच्या उपयोगी पडत नाही. जिवंत दात्यांच्या व ग्राहींच्या दीर्घकालीन भारतीय नोंदींवर आधारलेले पूर्वानुमानच त्यांना आधार देऊ शकेल.

समारोप :

गुणांकपद्धतींनी वाटपातील मनमानीला आळा घातला, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु त्या समूहाविषयी बोलतात, एका व्यक्तीविषयी नव्हे. आणि त्यांचे उत्तर कोणत्या मुदतीसाठी विचारले यावर अवलंबून असते. म्हणून प्रत्येक गुणांकासोबत त्याची मुदत, त्याच्या माहितीचा काळ आणि त्याने वगळलेले घटक जाहीर असणे आवश्यक आहे. कोणाचे किती आयुष्य मोलाचे मानावयाचे, हा निर्णय समाजाने उघडपणे घ्यावयाचा आहे. सूत्र त्या निर्णयाची अंमलबजावणी करू शकते. त्याची जबाबदारी घेऊ शकत नाही.